हळू आवाजातलं धोरण

एका जंगलात सगळं होतं. नदी होती, मोहाची झाडं होती, वाघ होता आणि वाघाला घाबरणारे पुष्कळ होते. नव्हतं ते फक्त एक धोरण.

धोरण म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. विचारू नका, बाळांनो. मोठे झालात की आपोआप कळेल, आणि कळलं की तुम्हीच ते दुसऱ्यांना समजावून सांगायला लागाल.

धोरण नव्हतं तेव्हा त्या जंगलात एक साधी रीत होती. ज्याला आधी भीतीचं काही दिसेल त्यानं ओरडायचं. वानर असो, चितळ असो, रानकोंबडी असो. हाक ज्या बाजूनं आली तिकडे सगळे मोठे धावायचे आणि मिळून गोंगाट करायचे. वाघाला गोंगाटाचा कंटाळा येतो. तो जांभई द्यायचा आणि निघून जायचा.

ओरडणाऱ्याला कुणी विचारायचं नाही, की पट्टे नीट पाहिलेस का? तुझी खात्री आहे का? मुळात ओरडणारा तू कोण? कधी कधी वाघाच्या जागी वाळलेलं पान निघायचं. मग सगळे हसायचे, ओरडणाऱ्याची थोडी थट्टा करायचे आणि पुन्हा चरायला लागायचे. अडाणीच जंगल होतं. पिल्लं मात्र वाचायची.

पुढे जंगलाची प्रगती झाली. चारा लांब गेला. आईबापांना दिवसभर दूर जावं लागायला लागलं. म्हणून करंजाच्या झाडाखाली एक पाळणाघर निघालं. त्याचं नाव ‘कोवळी पालवी’.

संस्थेचे अध्यक्ष गवेसाहेब. ते टेकडीवर बसून रवंथ करत आणि त्यालाच मार्गदर्शन म्हणत. पाळणाघराच्या प्रमुख बगळेबाई. त्या एका पायावर उभ्या राहत आणि अंगावर चिखलाचा शिंतोडा म्हणून उडू देत नसत. आणि पिल्लं सांभाळायला होती टिटवीताई.

टिटवी तुम्हाला माहीत आहे. नदीकाठी उघड्या खड्यांत अंडी घालते आणि कुणी जवळ फिरकलं की आकाश डोक्यावर घेते. स्वतःच्या अंड्यांसाठी ओरडते, शेजारणीच्या अंड्यांसाठी ओरडते, कधी कधी नुसत्या खड्यांसाठीही ओरडते. “पिल्लांवर लक्ष ठेवायला हिच्याइतकं कुणी नाही,” असं म्हणून गवेसाहेबांनी तिला कामावर घेतलं. आणि घेतल्या घेतल्या पहिली सूचना दिली, की आवाज जरा कमी ठेवा.

सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात पलीकडच्या जंगलात एक भानगड उघडकीला आली. तिथल्या पाळणाघरात येणाऱ्या एका पिल्लाचे घरी हाल होत होते. ते सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी चकार शब्द काढला नव्हता. कावळ्यांनी ती बातमी रानोमाळ नेली. तिथले अध्यक्ष तोंड लपवून फिरायला लागले.

आपले गवेसाहेब हादरले. त्यांनी घाईनं बैठक बोलावली. “आपल्याकडे असं काही बाहेर येता कामा नये,” ते म्हणाले. असं काही घडता कामा नये, असं त्यांना म्हणायचं असावं. मोठ्यांच्या बोलण्याचा आपण चांगलाच अर्थ घ्यायचा असतो.

धोरण तयार करायला बाहेरून कोल्हेसाहेबांना बोलावलं. त्यांना पिल्लांचा दांडगा अनुभव होता. कसला, ते कुणी विचारलं नाही.

कोल्हेसाहेबांनी धोरण केलं ते असं. पिल्लांची सुरक्षा सगळ्यात महत्त्वाची. हे वाक्य सुरुवातीला होतं आणि शेवटीही होतं, मधे बाकीचं होतं. एखाद्या पिल्लाचे हाल होत असल्याची शंका आली, तर ती हळू आवाजात वरिष्ठांच्या कानावर घालावी. वरिष्ठांनी आधी पालकांचं म्हणणं ऐकून घ्यावं. मग ते अध्यक्षांच्या कानावर घालावं. अध्यक्षांनी समिती बसवावी. समितीनं योग्य वेळी योग्य तो विचार करावा. मधल्या काळात कुणी ओरडू नये. जो ओरडेल त्याला घरी पाठवावं.

मग प्रशिक्षण झालं. त्यात करवंदांचा अल्पोपाहार होता, त्यामुळे हजेरी चांगली होती. कोल्हेसाहेब म्हणाले, “शंका आली की लगेच तोंड उघडायचं नाही. खोल श्वास घ्यायचा. दहापर्यंत मोजायचं. मगच बोलायचं, आणि तेही हळू.”

“आणि तेवढ्यात वाघ आला तर?” टिटवीनं विचारलं.

सगळे हसले. कोल्हेसाहेबही हसले. “ताई, वाघाचा विषय वेगळा. वाघ या धोरणात बसत नाही. वाघ दिसला तर खुशाल ओरडा, पूर्वीसारखं.”

टिटवीनं ते लक्षात ठेवलं.

आता मिणीचं सांगतो. मिणी ही पिसोरी. पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. अंगावर पांढरे ठिपके, डोक्याला शिंगं नाहीत आणि तोंडाला आवाज नसल्यासारखाच. घाबरली की ती जमिनीवर पाय आपटते, टप टप टप. तेवढंच तिचं ओरडणं. मिणीची आई पुरात वाहून गेली होती. मिणीला तिच्या मामानं सांभाळायला घेतलं होतं.

या मामाला सगळं जंगल अण्णा म्हणायचं. फार सभ्य प्राणी. पाहुण्यांना हार घालायला अण्णा, आभार मानायला अण्णा. चालताना मान खाली, बोलताना आवाज मऊ. अख्ख्या जंगलात त्यांच्याइतकं हळू कुणी बोलत नसे. “धोरणाचा आवाज कसा असावा, तर अण्णांसारखा,” असं बगळेबाई नेहमी म्हणायच्या. समितीवर पालकांचा एक प्रतिनिधी हवा होता, तेव्हा दुसरं नाव कुणाला सुचलंच नाही.

एका सकाळी मिणी पाळणाघरात आली, तेव्हा तिच्या कानाला चीर होती. टिटवीनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि मग तिला बाकीचंही दिसायला लागलं. खाऊ दिला की मिणी तो खायची नाही, पाल्याखाली लपवून ठेवायची. कुणी शेजारून नुसता पाय उचलला तरी जमिनीला चिकटून बसायची. बाकीची पिल्लं पकडापकडी खेळायची. मिणी कुणाच्या हाती लागेल अशा जागी जायचीच नाही. आणि घरी जायची वेळ झाली की करंजाच्या मुळाशी तिचे पाय वाजायला लागायचे.

टिटवीच्या घशाशी आवाज आला. तिनं तो गिळला. खोल श्वास घेतला, दहापर्यंत मोजलं आणि बगळेबाईंकडे गेली.

“बाई, मिणीच्या घरी काही बरं चाललेलं नाही. मला शंका येतेय.”

“शंका आहे की खात्री?”

“शंका.”

“मग आधी खात्री करून घ्या. एखाद्याचं नाव उगाच खराब व्हायचं.”

“खात्री कशी करू? ती बोलतच नाही.”

“बोलत नाही म्हणजे तिची तक्रार नाही.” बगळेबाईंनी पाय बदलला. “पण तुम्ही माझ्या कानावर घातलंत ते बरं केलंत. धोरण आहे आपलं. मी पालकांचं म्हणणं ऐकून घेते.”

पालक म्हणजे अण्णा. ते लगेच आले. येताना पानाच्या द्रोणात सगळ्यांसाठी उंबरं घेऊन आले.

“पोर फार धडपडी आहे हो, बाई,” ते म्हणाले. “काट्याकुट्यात घुसते. तिची आई अशीच होती.” त्यांनी डोळे पुसले. “कुणाच्या लक्षात आलं हे? नाही, मला राग नाही आला. आभार मानायचे होते.”

बगळेबाईंना पारदर्शक कारभाराची आवड होती. त्यांनी टिटवीचं नाव सांगितलं. अण्णा टिटवीसमोर गेले आणि त्यांनी तिला वाकून नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी मिणी लंगडत आली.

इथे मी जरा थांबतो, बाळांनो. या गोष्टीत पुढे वाघ आहे. पण खरं सांगायचं तर मला त्या वाघापेक्षा त्या नमस्काराची जास्त भीती वाटते. टिटवीलाही वाटली. आपण तोंड उघडलं म्हणून पोरीला जास्त मार बसला, हे तिला कळलं आणि त्या दिवशी तिच्या पोटात दाणा गेला नाही. ती पुन्हा बगळेबाईंकडे गेली.

“बाई, ती लंगडतेय.”

“पाहिलं मी. पण टिटवीताई, एकाच पिल्लाबद्दल पुन्हा पुन्हा शंका घेणं याला आकस म्हणतात. तुमचं आणि अण्णांचं काही बिनसलंय का?”

मग टिटवी तडक टेकडीवर गेली. गवेसाहेब मोहाची फुलं खात होते. मोहाच्या बहरात ते फार प्रसन्न असत.

“तुम्ही थेट माझ्याकडे कशा आलात?” त्यांनी विचारलं.

“बगळेबाई ऐकत नाहीत, साहेब.”

“मग बगळेबाईंच्या मार्फत या आणि बगळेबाई ऐकत नाहीत, असं सांगा.”

“साहेब, पोर मरेल हो!”

गवेसाहेबांचं रवंथ थांबलं. “असं अभद्र बोलू नये. तुम्हा टिटव्यांची हीच खोड. समिती बसेल ना! मोहाचा बहर ओसरू द्या. शिवाय अण्णा स्वतः समितीवर आहेत, त्यांचीही सवड बघायला हवी.”

टिटवी परत आली. दुसऱ्या दिवशी मिणी पाळणाघरात आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली नाही. टिटवीनं बगळेबाईंना विचारलं, तर त्यांना जरा हायसंच वाटलेलं दिसलं.

“आली नाही ना? मग ती आपल्या जबाबदारीत येत नाही. धोरण पाळणाघराच्या कुंपणापर्यंत आहे.”

भर दुपारी पिल्लं झोपली, तेव्हा टिटवी उडाली आणि अण्णांच्या घराशी गेली. ऐनाचं एक जुनं झाड आडवं पडलं होतं, त्याच्या ढोलीत अण्णा राहत. ढोलीचं तोंड काटेरी फांद्यांनी बंद केलेलं होतं. बाहेर सावलीत अण्णा उंबरं खात बसले होते.

“या, टिटवीताई,” ते हळू आवाजात म्हणाले. “मिणीला जरा बरं नाही. झोपलीय.”

आतून आवाज आला. टप टप टप. अगदी बारीक.

झोपलेलं पिल्लू पाय आपटत नाही, हे कुठल्याही आईला कळतं. टिटवीनं खोल श्वास घेतला, धोरणात सांगितला होता तसाच. मग मोजायला लागली. एक. दोन. तीन.

आतली टपटप थांबली.

चार म्हणायच्या ऐवजी टिटवी ओरडली, “वाघ! वाघ! वाघ!”

काय ओरडली म्हणून सांगू! इतक्या दिवसांचा गिळलेला आवाज होता तो. नदीपासून टेकडीपर्यंत सगळं जंगल ताडकन उठलं. धोरणं कितीही येवोत, जुनी रीत पायांत मुरलेली असते. वानरं आली, चितळं आली, रानकोंबड्या आल्या. बगळेबाई चिखलातून धावत आल्या. गवेसाहेब मोह टाकून आले. सगळ्यांनी मिळून कान किटतील असा गोंगाट केला. मग दम लागल्यावर थांबले आणि इकडेतिकडे बघायला लागले.

“कुठंय वाघ?” गवेसाहेबांनी विचारलं.

“आत बघा,” टिटवी म्हणाली.

वाघ एवढ्याशा ढोलीत कसा मावेल, हा विचार सगळ्यांच्या मनात आला. तरी भेकरमावशी पुढे झाली. ही नदीपलीकडची भेकरीण, हरणांतलीच, बोलायला फटकळ. तिनं खुरांनी आणि तोंडानं फांद्या बाजूला ओढल्या. तिच्या तोंडाला काटे लागले, पण ती थांबली नाही.

आत मिणी होती. कशी होती ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो, की तिथे जमलेल्यांपैकी एकालाही मग ‘शंका आहे की खात्री’ असं विचारावंसं वाटलं नाही.

“अहो, शिस्त लावत होतो,” अण्णा म्हणाले. गडबडीत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मोठा निघाला. आणि तोंड मोठं उघडलं, तेव्हा जंगलाला त्यांचे सुळे दिसले. शिंगं नसलेल्या त्या सभ्य प्राण्याला दोन बारीक, अणकुचीदार सुळे होते. ते पहिल्यापासून होते. इतके दिवस सगळे त्यांचा आवाज ऐकत होते, तोंडात कुणी पाहिलं नव्हतं.

“नंतर बोला,” भेकरमावशी म्हणाली. “आधी पोरीला पानी पाजू द्या.”

“तिला कुणी न्यायचं, हे समितीला ठरवावं लागेल,” गवेसाहेब म्हणाले.

“ठरवा की बसून. म्या नेतेय.”

आणि तिनं मिणीला नेलं. कुणी आडवं आलं नाही. भेकरमावशीच्या अंगावर तेव्हा बगळेबाईंपेक्षा जास्त चिखल होता.

तुम्हाला वाटेल, गोष्ट संपली. टिटवीला शाबासकी मिळाली असेल. बाळांनो, तुम्ही अजून कुठे नोकरी केलेली दिसत नाही.

मोहाचा बहर ओसरला आणि समिती बसली. चौकशी झाली ती टिटवीची.

“तुम्ही वाघ असं ओरडलात?”

“ओरडले.”

“ढोलीत जो प्राणी होता, त्याच्या अंगावर पट्टे होते?”

“नव्हते.”

“मग वाघ नव्हता. वाघ नसताना वाघ ओरडून तुम्ही जंगलाची दिशाभूल केलीत.” गवेसाहेबांना मनापासून वाईट वाटत होतं. “आमचा नाइलाज आहे. धोरण आहे.”

टिटवीला घरी पाठवलं. बगळेबाईंनी निरोपाचं भाषण केलं आणि त्यात टिटवीच्या तळमळीचं कौतुक केलं.

अण्णांना समितीनं समज दिली. हळू आवाजात दिली, त्यामुळे ती नेमकी काय होती हे कुणाला कळलं नाही. मग अण्णांनी स्वतःहून जंगल सोडायची इच्छा दाखवली. गवेसाहेबांनी त्यांच्या चांगल्या वर्तनाची शिफारस केली. पलीकडच्या जंगलातलं पाळणाघर बदनाम झालं होतं ना, त्यांना तिथे कुणीतरी सभ्य हवंच होतं.

त्याच वर्षी आपल्या जंगलाला ‘बालस्नेही जंगल’ हा सन्मान मिळाला. गवेसाहेब भाषणात म्हणाले, “आमच्या धोरणामुळेच एक पिल्लू आज आपल्यात आहे.” त्या पिल्लानं कोल्हेसाहेबांना हार घालावा, असं ठरलं होतं. मिणीनं कोल्हेसाहेबांकडे एकदा पाहिलं आणि ती भेकरमावशीच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली. हार बगळेबाईंनी घातला.

आणि धोरणात सुधारणा झाली. वाघाची पळवाट बुजवण्यात आली. यापुढे वाघ दिसला तरी ओरडायचं नाही. खोल श्वास, दहा आकडे, मग वरिष्ठांच्या कानावर.

टिटवी नदीकाठी राहायला गेली. भेकरमावशी संध्याकाळी पाण्याला यायची, तेव्हा पाळणाघरातून सुटलेली मिणीही यायची. टिटवी खड्यांत बसायची, मिणी तिच्या शेजारी. टिटवी ओरडायची आणि मिणी तिच्या तोंडाकडे बघत राहायची. मिणीचा कान बरा झाला होता, चीर तेवढी राहिली होती. ती आता खाऊ लपवत नव्हती.

मग एक दिवस खरोखरचा वाघ आला.

गवेसाहेब त्या सकाळी पाळणाघराच्या पाहणीला आले होते. करंजाखाली उभे राहून ते पिल्लांना धोरण समजावून सांगत होते. त्यांच्यामागे गवत हललं. बगळेबाईंना पट्टे स्पष्ट दिसले. या वेळी शंका नव्हती, खात्री होती. पण बाई धोरणाच्या पक्क्या. त्यांनी खोल श्वास घेतला आणि डोळे मिटून मोजायला सुरुवात केली. वाघाला दहापर्यंत थांबायचं प्रशिक्षण मिळालेलं नव्हतं. बाई सहावर होत्या, तेव्हा तो गवतातून पुढे सरकला.

तेव्हा कुणीतरी ओरडलं.

चिरका, फुटका, कधी न वापरलेला आवाज होता. पिसोरीच्या सात पिढ्यांत असा आवाज कुणी काढला नव्हता. मिणी करंजाच्या मुळावर चार पायांवर ताठ उभी होती आणि जीव खाऊन ओरडत होती, “वाघ! वाघ! वाघ!”

सगळं जंगल धावत आलं. गोंगाट झाला. वाघानं जांभई दिली आणि निघून गेला. गवेसाहेबांच्या शेपटीचे थोडे केस गेले, बाकी सगळे सुखरूप राहिले.

समिती लगेच बसली. या वेळी मोहाची अडचण नव्हती. मिणी कुठल्या वरिष्ठांना विचारून ओरडली, हा मुख्य मुद्दा होता. तिला वरिष्ठच नव्हते, म्हणून पालक या नात्यानं भेकरमावशीला बोलावलं.

“तुमच्या पोरीला ओरडायची वाईट सवय लागली आहे,” गवेसाहेब म्हणाले.

भेकरमावशी त्यांच्या शेपटीकडे बघत म्हणाली, “लागू द्या.”

तात्पर्य : पिल्लांना कधीही ओरडायला शिकवू नये. ओरडणारी पिल्लं जगतात, मोठी होतात आणि मग आपण कोण कोण तेव्हा दहापर्यंत मोजत उभे होतो ते त्यांच्या लक्षात राहतं. कुठल्याही संस्थेला हे परवडत नाही. एवढं सांगूनही कुणाला आपलं पिल्लू वाचवायचंच असेल, तर टिटवी नदीकाठी भेटेल. तिला सध्या कुठे काम नाही.